लेखालाही एक्स्पायरी डेट हवी!



एरवी आपण इथे एखादा आजार घेतो, त्याची कारणं, लक्षणं आणि उपचार समजून घेतो. आज विषय थोडा वेगळा आहे. आजारांवरचे हे लेख मी कशात लिहितो, कसे प्रसिद्ध करतो आणि त्याचा तुमच्या तब्येतीशी काय संबंध आहे, हे आज सांगणार आहे. "डॉक्टर, हे आम्हाला कशाला?" असं म्हणाल, तर आधी एक प्रसंग ऐका.

दोन चमचे मीठ

काही वर्षांपूर्वीचा पावसाळा होता. आमच्या मंठ्यात पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की नळाला गढूळ पाणी येतं आणि ओपीडीत जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढतात. अशाच एका सकाळी एक आजी दीड वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. सोबत स्टीलच्या तांब्यात मीठ-साखरेचं पाणी होतं. तांब्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "साहेब, तुमच्या मोबाईलवरच्या लेखातलं वाचून सुनेनं पाणी केलं. पोरगं तोंडात घेईना. मी चाखून बघितलं तर नुसतं खारट. लई मीठ सांगितलंत का तुम्ही?"

मी चाखलं. खरोखर खारट होतं. सुनेनं मोबाईल दाखवला. लेख माझाच होता. त्यात मी असं लिहिलं होतं: १ लिटर पाणी, ६ सपाट चमचे साखर, १ / २ सपाट चमचा मीठ. माझ्या कॉम्प्युटरवर ती ओळ सरळ दिसत होती. तिच्या लहान मोबाईलवर मात्र ओळ मधेच तुटली होती. "१ /" वरच्या ओळीच्या शेवटी राहिलं आणि खालची ओळ सुरू झाली "२ सपाट चमचा मीठ" अशी. सुनेनं दोन चमचे घातले. तिची काहीच चूक नव्हती.

आता हिशेब बघा. चहाच्या सपाट अर्ध्या चमच्यात साधारण ३ ग्रॅम मीठ बसतं. दोन चमचे म्हणजे त्याच्या चौपट, १२ ग्रॅम. आपण शिरेतून जे सलाइन देतो, त्यात एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे हे पाणी सलाइनपेक्षाही खारट झालं होतं. जुलाबानं आधीच कोरड्या पडलेल्या बाळाला असं पाणी पाजत राहिलं, तर रक्तातलं सोडियम वाढतं, बाळ किरकिरं होतं, मग सुस्त पडतं, झटकेही येऊ शकतात. आजीनं चाखून पाहिलं म्हणून निभावलं. बाळाला मी साधं ओआरएसचं पाकीट दिलं, दोन दिवसांत ते बरं झालं.

(जाता जाता: घरी केलेलं मीठ-साखरेचं पाणी डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. पाजण्याआधी मोठ्या माणसानं चाखावं. आणि पाकीट मिळत असेल तर पाकीटच वापरावं, त्यावर लिहिलं असेल तितक्याच पाण्यात.)

त्या रात्री मी तो लेख दुरुस्त केला. "१ / २" काढून "अर्धा" असं अक्षरात लिहिलं. मग आठवलं, हीच कृती मी उष्माघाताच्या लेखातही दिली आहे. तिथेही बदललं. लहान मुलांचा ताप, डेंग्यू, तिथेही बदललं. चार लेख झाले आणि निश्चिंत झोपलो. पाचव्या लेखात तेच "१ / २" तसंच राहिलं होतं, हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं. तेही दुसऱ्याच कामासाठी तो लेख उघडला म्हणून.

ही गोष्ट मला लागली. एखाद्या औषधाची बॅच सदोष निघाली तर कंपनी बॅच नंबरवरून सगळ्या दुकानांतून माल परत मागवते. माझ्याकडे माझ्याच लेखातली सदोष ओळ परत मागवायची सोय नव्हती.

काळा पडदा आणि प्रिस्क्रिप्शन

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीत आला तेव्हा त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुमचे लेख साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये असते, तर एका ओळीत सगळी ठिकाणं सापडली असती." आणि त्यानं माझ्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडली. तिला कमांड लाइन म्हणतात. तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण एक आज्ञा टाइप करायची, एन्टर दाबायचं आणि कॉम्प्युटरनं ते काम करायचं.

पन्नाशीतल्या माणसाला हे पाहून घाम फुटतो. मलाही फुटला. पण विचार केला तेव्हा वाटलं, ही तर आपलीच पद्धत आहे. मेडिकलच्या दुकानात जाऊन "ती वरची पांढरी बाटली द्या" असं बोटानं दाखवणं वेगळं आणि कागदावर औषधाचं नाव, मात्रा, दिवस लिहून देणं वेगळं. बटणं दाबणं म्हणजे बोट दाखवणं. कमांड म्हणजे प्रिस्क्रिप्शन. लिहिलेली गोष्ट पुन्हा वाचता येते, तपासता येते, दुसऱ्याला देता येते आणि पुढच्या महिन्यात तशीच परत वापरता येते.

त्यानं जे साधन बसवून दिलं त्याचं नाव ह्यूगो. स्टीव्ह फ्रान्सिया या अमेरिकन प्रोग्रॅमरनं ते २०१३ मध्ये सुरू केलं, आज जगभरातले लोक मिळून ते सांभाळतात, आणि ते फुकट आहे. त्याच जातीचं जेकिल नावाचं साधन त्याआधी २००८ मध्ये टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी केलं होतं. दोघांची कल्पना एकच आहे. लेख साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचा. शीर्षक कुठलं, ठळक शब्द कुठले, हे दाखवायला दोन-चार सोप्या खुणा वापरायच्या. या खुणांच्या पद्धतीला मार्कडाउन म्हणतात. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ मध्ये मांडली. मग एक आज्ञा दिली की सगळ्या फाइलींची तयार पानं बनतात आणि ती इंटरनेटवर चढवता येतात.

गंमत म्हणजे मार्कडाउनच्या फाइलीच्या नावामागे "एमडी" लागतं. मला एमडी व्हायला किती वर्षं लागली ते मलाच माहीत. इथे प्रत्येक लेख जन्मतःच एमडी!

तयार डबा

अशा पानांचा तुम्हाला पहिला फायदा असा की ती हलकी असतात. नेहमीच्या बऱ्याच वेबसाइट हॉटेलसारख्या चालतात. तुम्ही पान मागितलं की आत स्वयंपाक सुरू होतो, डेटाबेसमधून मजकूर येतो, पान रचलं जातं आणि मग तुमच्यापर्यंत पोचतं. ह्यूगोचं पान म्हणजे सकाळीच भरून ठेवलेला डबा. मागितला की उचलून द्यायचा. आत चालू स्वयंपाकघर नसल्यामुळे कुणी घुसून त्यात काही मिसळण्याची भीतीही कमी.

माझा हजार शब्दांचा मराठी लेख साधारण २० किलोबाइटचा असतो. मोबाईलनं काढलेला एक फोटो सहज ३-४ मेगाबाइटचा असतो. म्हणजे एका फोटोच्या जागेत असे दीडशे लेख मावतील. शेतात उभं राहून, नेटवर्कची एकच कांडी असताना "साप चावला तर काय करायचं" हे उघडणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. आमच्या भागातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबं फडावरून फोन करतात, तेव्हा त्यांच्या हातातला मोबाईल आणि तिथलं नेटवर्क कसं असतं ते मला माहीत आहे. मी लेखाचा फोटो करून पाठवत नाही, त्याचंही कारण हेच. फोटोतला मजकूर मोठा केला तर कडेला पळतो, मोबाईलला तो वाचून दाखवणं अवघड जातं आणि त्यातली चूक नंतर शोधता येत नाही.

मराठीची गाठ

साधा मजकूर का, यामागे माझा एक जुना अनुभवही आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी मी गॅस्ट्रोवर मराठी पत्रकं छापून घेतली होती. डीटीपीवाल्यानं फाइल फ्लॉपीत दिली. काही वर्षांनी ती उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा. कारण तेव्हाचे बरेचसे मराठी फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरंच साठवायचे आणि वरून त्यांना मराठीचं चित्र चढवायचे. तो फॉन्ट गेला की मराठी गेली.

भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं मोठं काम आपल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिस्ट या गटानं केलं. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. युनिकोडमध्ये "क" हा जगात कुठेही "क"च राहतो, फॉन्ट कुठलाही असो. युनिकोडमधली साधी फाइल आज उघडते तशी वीस वर्षांनीही उघडेल, एवढी खात्री मला दुसऱ्या कुठल्याच प्रकाराबद्दल वाटत नाही. वेबसाइट कंपन्यांचं म्हणाल, तर जिओसिटीज ही एकेकाळची प्रचंड लोकप्रिय सेवा याहूनं २००९ मध्ये बहुतेक जगात बंद केली. माझ्या फाइली माझ्या लॅपटॉपवर आहेत, एक प्रत पेनड्राइव्हवर आहे. उद्या वेबसाइट चालवणाऱ्यानं दुकान बंद केलं, तर मी डबे उचलून दुसरीकडे ठेवीन.

पण मराठीत शोधाशोध करताना एक धडा मिळाला, तोही सांगतो. भाच्यानं "मीठ" हा शब्द सगळ्या फाइलींत शोधायची आज्ञा शिकवली. ग्रेप तिचं नाव. एका क्षणात यादी आली. मी खूश. मग लक्षात आलं, "मिठाचं पाणी" असं जिथे लिहिलं होतं ते लेख यादीत नाहीतच! आपल्या मराठीत मीठ हे प्रत्यय लागताच मिठाचं होतं, दीर्घाचं ऱ्हस्व होतं. कॉम्प्युटरला ते वेगळेच शब्द. म्हणून आता "मीठ" आणि "मिठा" दोन्ही शोधतो. "पांढऱ्या पेशी" शोधताना आणखी मजा झाली. हा अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला नाही. डेंग्यूचा लेख त्यामुळे यादीतून निसटला होता. साधन चांगलं असलं तरी तपासणाऱ्याचं डोकं जागेवर हवं. ईसीजी मशीननं कागदावर निदान छापलं म्हणून डॉक्टरनं पट्टी न बघता सही करायची नसते, तसंच हे.

लेखाचं लेबल

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ह्यूगोच्या प्रत्येक फाइलीच्या वरती काही ओळींचं एक लेबल असतं. त्यात शीर्षक, लिहिल्याची तारीख, शेवटच्या बदलाची तारीख लिहिता येते. नवीन लेख सुरू करायची आज्ञा दिली की लेबलवर आपोआप "मसुदा: होय" असं येतं. मी हातानं ते "नाही" करेपर्यंत लेख बाहेर जात नाही. रात्री अकराला थकून लिहिलेला लेख दुसऱ्या दिवशी सकाळी वाचूनच सोडायचा, ही शिस्त मला या एका ओळीनं लावली.

आणि त्याच लेबलवर आणखी एक जागा आहे: एक्स्पायरी डेट. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा खुर्चीत सरळ बसलो. औषधाच्या पट्टीवर असते तशी मुदत, लेखावर! तारीख उलटली की ह्यूगो तो लेख पुढच्या बांधणीत घेत नाही.

आरोग्याच्या लेखाला मुदत कशाला, असं वाटेल. शरीर तर तेच आहे. पण त्याबद्दलचं आपलं ज्ञान बदलत असतं. काही उदाहरणं बघा.

- उपाशीपोटी रक्तातली साखर किती असली की मधुमेह म्हणायचा? १९९७ आधीच्या पुस्तकात १४० सापडेल. त्या वर्षी अमेरिकन मधुमेह संघटनेनं ती सीमा १२६ वर आणली आणि आज आपणही तीच वापरतो. जुना लेख वाचून १३० वाला माणूस "मला काही नाही" म्हणत बसेल.
- जागतिक आरोग्य संघटनेनं ओआरएसचं प्रमाण २००२ मध्ये बदललं. नव्या पाकिटात मीठ आणि साखर दोन्ही आधीपेक्षा कमी आहेत.
- टीबीच्या गोळ्या सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून तीन दिवस दिल्या जायच्या. २०१७ पासून त्या रोज, वजनाप्रमाणे दिल्या जातात. आजही कुणी जुना लेख वाचून "एक दिवसाआड" घेतो म्हणाला, तर किती नुकसान होईल विचार करा.
- कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं, ही भीती अजून खेड्यापाड्यांत आहे. ती जुनी लस आपल्याकडे बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता इंजेक्शन दंडात असतं आणि डोस मोजके असतात. पण जुन्या भीतीपायी माणसं अजून अंगारा लावून घरी बसतात.

माझ्याच लेखाचं उदाहरण देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं की पन्नाशीनंतर हृदयासाठी रोज छोटी ॲस्पिरिन घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. लेखाचा एकूण सूर "घेतलेली बरी" असा होता. तेव्हाच्या माहितीप्रमाणे ते चुकीचं नव्हतं. पण २०१८ मध्ये तीन मोठे अभ्यास आले. ज्यांना हृदयविकार नाही, अशा माणसांत ॲस्पिरिनचा फायदा थोडा आणि रक्तस्रावाचा धोका वाढलेला, असं दिसलं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य तज्ज्ञांच्या गटानं साठीच्या पुढच्या निरोगी माणसांनी ती नव्यानं सुरू करू नये असं सांगितलं. माझा लेख मात्र तसाच फिरत होता. एक निवृत्त गुरुजी त्याचा स्क्रीनशॉट घेऊन आले. माझ्याच लेखावरून, मला न विचारता, ते सहा महिने ॲस्पिरिन घेत होते. शौचाला काळं होत होतं. ते त्यांना महत्त्वाचं वाटलं नव्हतं. हिमोग्लोबिन उतरलं होतं. गोळी बंद केली, पोटाची तपासणी आणि उपचार झाले, ते बरे झाले. जाताना म्हणाले, "डॉक्टर, लेख तुमचाच होता म्हणून विश्वास ठेवला."

या वाक्यावर मला उत्तर नव्हतं. त्यांच्या विश्वासाला जागायची जबाबदारी माझी होती.

(महत्त्वाचं: ज्यांना आधी हार्ट अटॅक आला आहे, अँजिओप्लास्टीत स्टेंट बसला आहे किंवा काही प्रकारचा लकवा झाला आहे, त्यांना ॲस्पिरिन दिली जाते आणि ती लागतेच. हे वाचून स्वतःच्या मनानं बंद करू नका. स्टेंटवाल्यांनी अचानक गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं.)

आता औषधांवरच्या प्रत्येक लेखाला मी एक वर्षाची मुदत देतो. आजार समजावून सांगणाऱ्या लेखांना तीन वर्षं. मुदत झालेल्या लेखांची यादी मागायची आज्ञाही ह्यूगोमध्ये आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती यादी काढतो, लेख पुन्हा वाचतो, नव्या माहितीशी ताडून पाहतो. बरोबर असेल तर नवी मुदत. नसेल तर दुरुस्ती. वेळ नसेल तर लेख बंद राहतो. शिळा लेख वाचण्यापेक्षा न वाचलेला बरा.

खाडाखोड दिसली पाहिजे

आम्हा डॉक्टरांना शिकवलेलं असतं की केस पेपरवर चूक झाली तर ती गिरगटायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही. एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं, सही आणि तारीख टाकायची. आधी काय लिहिलं होतं ते दिसलं पाहिजे. लेखांसाठी हेच काम गिट नावाचं दुसरं एक कमांड लाइन साधन करतं. लायनस टॉर्व्हाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये प्रोग्रॅमरांसाठी केलं. कुठली ओळ काढली, कुठली घातली, कधी आणि का, याची नोंद त्यात राहते. त्या नोंदीवरून मी प्रत्येक लेखाच्या शेवटी "या लेखात झालेले बदल" असा छोटा तक्ता देऊ लागलो आहे.

काही डॉक्टर मित्र म्हणतात, "अरे, आपली चूक आपणच छापायची? पेशंटचा विश्वास जाईल." माझं मत उलट आहे. मिठाची चूक मी लेखाखाली सरळ लिहिली: "आधी १ / २ असं लिहिलं होतं, लहान मोबाईलवर ते २ दिसत होतं, म्हणून अर्धा असं अक्षरात केलं." त्यानंतर अनेक वाचकांनी फोन करून सांगितलं की आम्हीही तपासून पाहिलं. एकानं तर आणखी एका लेखातली मात्रेची चूक दाखवून दिली. चूक झाकणारा डॉक्टर आणि चूक दाखवून दुरुस्त करणारा डॉक्टर, यांपैकी तुम्ही आपलं मूल कुणाकडे न्याल?

या साधनाचेही साइड इफेक्ट आहेत

मी कुणाचा विक्रेता नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. पहिले दोन महिने मी रडकुंडीला आलो. एक स्वल्पविराम चुकला की लाल अक्षरांत ओरडा. एकदा पहाटे लेख लिहिला आणि तो दिसेचना. नंतर कळलं, तारखेसोबत वेळेचा भाग नीट दिला नाही की ह्यूगो ती ग्रिनिचची वेळ समजतो. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून माझा लेख त्याच्या दृष्टीनं अजून उगवायचा होता!

सगळ्यात मोठी मर्यादा अशी की एक्स्पायरी डेट आपोआप काम करत नाही. डबा एकदा भरून ठेवला की भरलेलाच राहतो. मी पुन्हा बांधणीची आज्ञा दिली तरच मुदत संपलेला लेख बाहेर पडतो. त्यातही तयार पानांचा जुना कप्पा आधी रिकामा करावा लागतो, नाहीतर शिळं पान तिथेच पडून राहतं. म्हणजे शेवटी दर महिन्याचा तो रविवार पाळणं आलंच. बीपीच्या गोळीसारखं. गोळी कितीही चांगली असो, रोज घेतली तरच काम करते.

प्रत्येक डॉक्टरनं काळ्या पडद्यासमोर बसावं, असा माझा आग्रह अजिबात नाही. दुसऱ्या कुठल्याही साधनानं लेबल लावता येत असेल तर तेही उत्तम. माझा आग्रह लेबलचा आहे.

तुम्ही काय करायचं?

गोळ्यांची पट्टी घेताना तुम्ही ती उलटून तारीख बघता. दुधाची पिशवी बघता. मग ज्या लेखावरून औषध घ्यायचं की नाही ते ठरवता, त्याची तारीख का बघत नाही? यापुढे आरोग्याचा कुठलाही लेख, व्हिडिओ किंवा फॉरवर्ड आला, की पाच गोष्टी बघा.

१. कुणी लिहिलं आहे? नाव आणि शिक्षण दिलं आहे का? "एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं" हे नाव नव्हे.

२. कधी लिहिलं आणि शेवटचं कधी तपासलं? तारीखच नसेल तर लेख मुदत संपलेला समजा.

३. आकडे नीट वाचता येतात का? मात्रा, चमचे, दिवस यांत शंका आली तर थांबा. अंदाजानं करू नका, विचारा.

४. हे कुणासाठी लिहिलं आहे? मोठ्या माणसाचा सल्ला बाळाला, किंवा स्टेंटवाल्याचा सल्ला निरोगी माणसाला लागू होत नाही.

५. मूळ पान कुठे आहे? स्क्रीनशॉटवर विसंबू नका. स्क्रीनशॉट काढल्यावर मूळ लेखात झालेली दुरुस्ती त्यात कधीच येत नाही. माझा लेख पुढे पाठवायचा असेल तर फोटो न काढता लिंक पाठवा.

आणि सगळ्यांत शेवटी, त्या आजींनी केलं ते करा. चाखून बघा. लेख कितीही मोठ्या डॉक्टरचा असो, तुमच्या अनुभवाला काही खटकलं, तर तो तांब्या घेऊन सरळ डॉक्टरसमोर ठेवा. त्या दिवशी आजी संकोचल्या असत्या, "डॉक्टरांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार" म्हणाल्या असत्या, तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही पावसाळा आला की करतो.

या लेखालाही मी तीन वर्षांची मुदत घातली आहे. तोवर यात काही चुकलेलं दिसलं, तर जरूर कळवा. चूक कुठे होती आणि काय बदललं, ते इथेच खाली लिहीन.

काळजी घ्या, पाणी उकळून प्या.

(हा लेख माहितीसाठी आहे. तुमची औषधं सुरू करणं, बंद करणं किंवा बदलणं तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करा.)